विषय : एक अंडं, दोन टोस्ट

आमची सृष्टी चार वर्षांची आहे आणि तिचं वजन बारा किलो भरतं. खेळता खेळता तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात आणि ती त्या झटकून खाली आणते, एखादी कर्ती बाई कामाला लागावी तशी. श्रीरामपुरातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. प्रज्ञा यांनी तिला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं : 'रोज सकाळी एक अंडं, दोन टोस्ट. महिन्यानं दाखवणे.'

हे काम दहा मिनिटांचं आहे असा माझा समज झाला. मी या घरात सहा वर्षं नांदते आहे. तेव्हा समजाचा दोष सर्वस्वी माझा.

माझे सासरे सहादेवराव, म्हणजे नाना, एका सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं त्यांना शाल आणि नारळ दिला. टाचण्यांचा डबा ते स्वतःच घेऊन आले. तेव्हापासून आमच्या घरात दळण टाकायचं असलं तरी आधी टिपणी लागते. डॉक्टरांचा कागद त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तीसुद्धा सावकाश वाचली.

"यात अंडं लिहिलंय," नाना म्हणाले. "कुठल्या वारी, ते लिहिलं न्हाई."

"रोज लिहिलंय, नाना."

"रोज हा वार नसतो, सूनबाई."

त्यांनी गुलाबी फाइल काढली. वर लिहिलं : 'विषय : घरात अंडे शिजवण्यास परवानगी मिळणेबाबत'. आणि प्रस्ताव अभिप्रायासाठी सासूबाईंकडे पाठवला. सासूबाई, म्हणजे रतनबाई, त्याच खोलीत लसूण सोलत बसल्या होत्या. तरी तो दुसऱ्या दिवशी पोचला.

अभिप्राय तोंडी आला. रविवार खंडोबाचा. सोमवार महादेवाचा. मंगळवार गणपतीचा, कारण माझे यजमान करण यांचा राहिलेला पेपर गणपतीनंच सोडवला होता. गुरुवार बाबांचा, शिर्डी इतकी हाकेवर असताना गुरुवार मोडायला तोंड कुठलं? शुक्रवार देवीचा. शनिवारी शनी, आणि शिंगणापूरही काही लांब नाही. जिल्हाच असा आहे की उत्तरेला तोंड केलं तरी कुणीतरी बघतं आणि दक्षिणेला केलं तरी.

"बुधवार मोकळा हाय की," सासूबाई उदार मनानं म्हणाल्या. "बुधवारी कर बाई, लई वाटलं तर. म्या कुठं आडवी येते?"

अशा रीतीनं रोजचं अंडं साप्ताहिक झालं. मी कबूल केलं. बांगड्या कोपरापर्यंत गेल्यावर आई काहीही कबूल करते.

मग जागेचा प्रश्न आला. गॅसपासून देव्हारा चार फुटांवर. सबब अंडं गॅलरीत, जुन्या विजेच्या शेगडीवर शिजेल. तवा स्वतंत्र. उलथनं, ताटली, चमचा स्वतंत्र आणि सगळ्यांवर ओळखीसाठी लाल नेलपॉलिशचा ठिपका. मिठाचा हात डब्यात जातो म्हणून मीठही वेगळं. राहता राहिला ब्रेड. त्यावर दोन दिवस खल झाला. ब्रेड मूळचा निर्दोष, पण अंड्याशेजारी बसला की त्याचं काय? शेवटी ठरलं की पुडक्यातले दोन स्लाइस गॅलरीत जातील आणि गेलेला स्लाइस कोणत्याही परिस्थितीत परत उंबरा ओलांडणार नाही. सृष्टी तिथंच स्टुलावर बसून खाईल, चूळ भरेल, हात धुईल, आणि मगच घराच्या हद्दीत येईल.

"आई, मी पण ब्रेडसारखी बाहेर बसू?" सृष्टीनं विचारलं.

"थोडाच वेळ, पिल्ला."

बुधवारी सकाळी मी मागच्या गल्लीतल्या कडूबाईकडून एक गावरान अंडं आणलं. कडूबाईकडे आठ कोंबड्या, एक कोंबडा आणि सगळ्या गल्लीबद्दल एक ठाम मत आहे.

"एकच?" ती म्हणाली. "एका अंड्यात कुणाचं भागतं गं? तुझ्या घरात तर येवढी मानसं."

"बाकीचे खात नाहीत, मावशी."

कडूबाई इतकी हसली की कोंबड्या बाजूला झाल्या.

घरी आले तर नाना कालनिर्णयापुढे चष्मा लावून उभे. "आज संकष्टी," ते म्हणाले. "पुढचा बुधवार धरू." त्यांनी पुढचा पाहिला. एकादशी. त्याच्या पुढचा पाहिला. विनायकी चतुर्थी. त्याच्या पुढचा पाहिला, तर पुन्हा एकादशी. नानांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर सबंध पंचांगानं आपल्या फाइलवर सही केल्याचं समाधान होतं.

"म्हणजे महिना गेला," मी म्हणाले. "महिन्यानं तर दाखवायला जायचंय."

"प्रस्ताव नामंजूर न्हाई केलेला. स्थगित आहे."

आता स्थगित अंडं ठेवायचं कुठं? फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध असतं. ओट्यावर प्रश्नच नाही. शेवटी बुटांच्या खोक्यात कापूस घालून ते गॅलरीत, इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवण्यात आलं. दिवस वैशाखाचे. सृष्टीला तर कामच मिळालं. बाहुलीची गोधडी तिनं अंड्यावर घातली. "एका कुशीवर किती झोपेल बिचारं," म्हणत दिवसातून चार वेळा ती त्याची कूस बदलायची. उन्हानं कोमेजेल म्हणून ओलं फडकं शेजारी ठेवायची. जे पोटात जायला हवं होतं ते ती मांडीवर घेऊन बसायची.

मधल्या काळात घरात अंडं अजिबात आलं नाही असं म्हणणं मात्र खोटेपणाचं होईल. सोमवारी करणचा वाढदिवस झाला. केक आला, तो आधी देव्हाऱ्यापुढे ठेवला, मग सासूबाईंनी करणला ओवाळलं आणि पहिला तुकडा त्यांनीच खाल्ला.

"आई, केकमध्ये अंडं असतं," मी म्हणाले.

"आसंल," त्या बोट चाटत म्हणाल्या. "ते बेकरीवाल्याच्या घरात फुटलं. आपल्या न्हाई."

आणि रविवारी शिरस्त्याप्रमाणे आम्ही कोल्हारच्या बाजूला, नगर-मनमाड रस्त्यावरच्या ढाब्यावर जेवायला गेलो. नानांनी अंडाकरी मागवली, वर डबल ऑम्लेट. सासूबाई उपवासवाल्या, त्यांनी फक्त रस्सा घेतला. फोडी बाजूला सारून. सृष्टीनं एक घास खाल्ला आणि तिखटानं रडायला लागली.

"नाना, आज रविवार," मी म्हटलं. "खंडोबाचा."

नानांनी बोट चोखून माझ्याकडे दयेनं पाहिलं. "वार घराला असतो, सूनबाई. रस्त्याला नसतो."

"मग लेकीला रोज सकाळी रस्त्यावर आणून बसवू का?"

"अगं, जेवताना कशाला," करण म्हणाला आणि त्यानं पाव मागवला. करण चांगला आहे. त्याला सगळं पटतं. माझंही पटतं, नानांचंही पटतं, आणि पटल्यावर त्याला भूक लागते.

चौथा बुधवार उजाडला, एकादशीचा. सकाळी गॅलरीतून सृष्टी ओरडली, "आई, माझं अंडं बोलतंय!"

धावत गेले. गोधडीखाली कवच फुटलं होतं आणि एक ओलं, पिवळं, संतापलेलं पिल्लू आमच्या सगळ्या घराला उद्देशून चिवचिवत होतं. एकवीस दिवस झाले होते. कोंबडी ज्या कामाला एकवीस दिवस घेते ते काम आमच्या घरानं, वैशाखानं आणि एका चार वर्षांच्या पोरीनं मिळून तितक्याच दिवसांत केलं होतं. कोंबडीचा मात्र त्यात काही उद्देश असतो.

नानांनी फाइल मागवली. लिहिलं : 'विषयांकित अंड्याने निर्णयापूर्वीच स्वरूप बदलल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' खाली सही, तारीख, टाचणी. सासूबाईंनी पिल्लावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. "लक्ष्मी आली गं घरात," म्हणाल्या.

करण वाकून पाहत म्हणाला, "वाढव म्हणावं सृष्टीला. आखाडात मळ्यावर नेऊ. तीन दगडांच्या चुलीवर गावरान काय लागतंय, नाना!"

"मळ्यावर?" नाना म्हणाले. त्यांच्या तोंडात साबुदाण्याची खिचडी होती. "मळ्यावर काय, कधीबी चालतंय. वाटण तेवढं घरून न्या."

"आन खोबरं भाजून घाला," सासूबाई म्हणाल्या.

अंड्याला एकवीस दिवसांत मंजुरी मिळाली नव्हती. कोंबडीला मंजुरी अर्ध्या मिनिटात मिळाली, तीही एकादशीला, अर्ज न करता. सृष्टी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं पिल्लू उचललं, फ्रॉकच्या घेरात लपवलं आणि देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसली. तिथं कुणी काही करणार नाही, एवढं तिला या घरात कळलेलं आहे.

संध्याकाळी आम्ही दोघी पिल्लू कडूबाईकडे सोडून आलो. "बाई," कडूबाई म्हणाली, "अंडं म्या खायला दिलं हुतं. उबवायला माझ्याकडं आठजनी हायेत." तरी तिनं ते एका कोंबडीखाली नीट सरकवलं. येताना मी चार अंडी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी अर्ज केला नाही. ओट्यावर, गॅसवर, घरच्या तव्यावर तूप सोडलं. अंडं फेटलं, त्यात दूध, चमचाभर साखर, वेलदोडा घातला, ब्रेड बुडवला आणि तव्यावर टाकला. वास घरभर गेला. बाहेरच्या खोलीतलं वर्तमानपत्र खाली आलं.

"कसला वास?" नाना.

"केक करतेय, नाना."

"गुरुवारी?"

"वाढदिवस आहे."

"कुणाचा?"

"पिल्लाचा. काल झालं ना."

मी तव्यावरचा स्लाइस उलटला. मग सासूबाईंचा आवाज आला, "येलदोडा घातलास का?"

"घातला, आई."

"मंग मला बी अर्धा दे."

सृष्टीनं दोन खाल्ले. पाटावर बसून, घराच्या हद्दीत. तिसऱ्याची कड तिनं माझ्या तोंडात घातली.

त्या दिवसापासून आमच्याकडे रोज केक होतो. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, नाना म्हणाले, "गोडानं तोंड मिटतं. जरा हिरवी मिरची घालून केक होतो का बघ." झाला. कांदा-कोथिंबीर घालून झाला. मग तव्यावर मोकळा परतलेला केक झाला. सोमवारी करणनं पाण्यात उकडून, सोलून, वर मीठ-मिरपूड घातलेला पांढरा केक मागितला. कडूबाईच्या कोंबड्या पुरेनात. नेलपॉलिशचा ठिपका लावलेला तवा गॅलरीत कोरा करकरीत पडून आहे. घरात अजून अंडं शिजलेलं नाही, असं फाइलमध्ये नमूद आहे.

नंतरच्या आठवड्यात सृष्टीला दाखवायला नेलं. वजन सातशे ग्रॅम वाढलं होतं. डॉ. प्रज्ञा खूश झाल्या. त्यांनी तिला जवळ घेतलं.

"शाब्बास! मग, अंडं आवडलं की नाही आमच्या सृष्टीला?"

सृष्टी ताठ बसली. बांगड्या मनगटावर आणल्या. आणि थेट सासूबाईंच्या आवाजात म्हणाली, "शी! आमच्या घरात अंडं चालत न्हाई. आमी केक खातो. रोज."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं. मागच्या बाकड्यावर आमच्या गल्लीतल्या दोघी जणी नंबर लावून बसल्या होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "बघ, येवढीशी पोर, पन वळन किती चांगलं." मी तोंड मिटलं. इतकंच नाही, मी थोडी हसलेही.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि 'बंद' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या : 'केक ताबडतोब बंद. रोज एक अंडं सुरू करणे.'

घरी नानांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. "केक बंद," ते दुःखानं म्हणाले. "लेखी आहे. आपला इलाज न्हाई." मग त्यांनी गुलाबी फाइल काढली आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "अंड्याचं फेरसादर कर. बुधवार बघून."

सृष्टी माझ्या मांडीवर बसली आहे. 'आई, उद्या केक?' असं तिनं आत्ता तिसऱ्यांदा विचारलं. डॉक्टरांसमोर खरं काय ते मी बोलायला हवं होतं, हे मला कळतं. तुम्ही माझ्या जागी असता तर नक्की बोलला असता. फक्त बाकड्यावर कोण बसलंय ते आधी बघितलं असतंत, आणि आज वार कोणता तेही. तो तर तुम्ही ही गोष्ट वाचता वाचताच एकदा बघून घेतलात.