तीनशे अठरा नंबरची गाय

देल्मिरो तेचेरासारखी गाईच्या स्वभावाची पारख अख्ख्या ताक्वारेम्बो जिल्ह्यात कुणाला नाही, असं लोक म्हणत. पहिल्यांदा कोण म्हणालं विचाराल, तर देल्मिरोच.

मांसासाठी पाळलेला त्याचा एकशे चाळीस गाईंचा कळप. दर वर्षी पावसाळी हवा सुरू झाली की तो एकेकीला लोखंडी खोड्यात घ्यायचा आणि गुण द्यायचा. गप उभी राहून चालत बाहेर पडली तर एक. उसळली, शिंगं आपटली, गोळीसारखी सुटली तर पाच. पाचवालीच्या पाठीवर निळ्या खडूची रेघ, की चालली कत्तलखान्याच्या ट्रकात. एक मारकी गाय दहा जणींना बिघडवते, हे त्याचं ठाम मत. नऊ वर्षं असं निवडून निवडून कळप इतका गरीब झाला होता, की त्याच्या गाईंपुढे गोगलगायसुद्धा तापट वाटावी.

शनिवारच्या गुरांच्या बाजारात त्याने शेजारच्या म्हाताऱ्या ओलेगारियोकाकांना ऐकवलंच. "काका, तुम्हाला कुत्री लागतात, घोडी लागतात. मी नुसता चालत पुढे होतो, कळप मागून येतो. गुरुवारी या बघायला."

गुरुवारी काका आले. बाद गाय न्यायला ट्रकही आला. आणि दोघांच्या आधी ओढ्याला पूर आला! वरच्या अंगाला तीन दिवस पाऊस कोसळत होता. कळप नेमका खालच्या कुरणात. दुपारच्या आत वरच्या फाटकातून बाहेर काढला नाही, तर नऊ वर्षांची मेहनत वाहत थेट धरणात जाणार होती. देल्मिरोने एकदा पाण्याकडे पाहिलं. पण काका बघत होते. त्याने थर्मास काखेत मारला, कडू माते-चहाचा भोपळ्याचा पेला हातात घेतला आणि ऐटीत गाईंच्या पुढून चालू लागला.

शंभर पावलांवर वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं.

मग त्याने हाका मारल्या. गाईंनी मान वर करून कौतुकाने पाहिलं. एकीच्या ढुंगणावर थाप मारली, तर तिला ते लाड वाटले आणि तिने खाजवायला मान पुढे केली. शेवटी लाज सोडून कुत्रा आणला. एका गाईने त्याला कानापासून शेपटीपर्यंत असं चाटलं, की बिचारा ओशाळून बसून राहिला. घोडा आणला, तर गाईंनी अदबीने बाजूला होऊन त्याला वाट दिली. एवढ्यात पाणी खुरांपर्यंत आलं. गाईंनी माना खाली घातल्या आणि प्यायला सुरुवात केली.

"कशाचंच भ्याव उरलं नाही रे यांना," बायको नेलिदा म्हणाली. "तीनशे अठराला सोड."

तीनशे अठरा म्हणजे कानात त्या नंबरचा बिल्ला असलेली, ट्रकात चढवलेली ती बाद गाय. कालच तिने खोड्याचा गज वाकवला होता. पाचच्या वर गुण नव्हते म्हणून पाच, नाहीतर देल्मिरोने तिला आठ दिले असते.

"मी स्वतःच्या हाताने रेघ मारलीय तिच्यावर," देल्मिरो म्हणाला. "जमायचं नाही."

 नेलिदा सरळ गेली आणि ट्रकचा मागचा फाळका खाली टाकला.

तीनशे अठराने बाहेर येऊन एकदा सगळीकडे नजर फिरवली. रेघ कुणी मारली हे तिला पक्कं आठवत होतं. ती कळप चिरत अशी सुटली, की जन्मात न पळालेल्या गाई खडबडून जाग्या झाल्या. देल्मिरोने थर्मास टाकला, भोपळा टाकला आणि वरच्या फाटकाकडे धूम ठोकली. त्याच्यामागे तीनशे अठरा, आणि तिच्यामागे, शेपट्या वर करून, एकशे एकोणचाळीस गाई! मालक पळतोय म्हणजे पुढे नक्की चाटायला मीठ मिळणार, असं काहींना वाटलं असेल. दोन मिनिटांत कुरण रिकामं झालं. मागे पाण्याने कुंपणाचे खांब गिळले. एक गाय गेली नाही, एक वासरू गेलं नाही.

ओलेगारियोकाका धापा टाकत वर आले तेव्हा देल्मिरो पाण्याच्या उंच टाकीच्या शिडीवर, अगदी वरच्या पायरीवर होता. काकांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"ना कुत्रा, ना घोडा," ते म्हणाले. "बोललास तसं करून दाखवलंस, पोरा. साठ वर्षांत असा कळप हाकलेला पाहिला नाही."

देल्मिरोने शिडीवरच छाती फुगवली.  खाली त्याच्या गाई, सगळ्या कोरड्या, शांतपणे रवंथ करत होत्या.

"पारख लागते, काका," तो वरून म्हणाला. "कळपात एक तरी तापट गाय मुद्दाम राखावी लागते."

नेलिदाला जोराचा ठसका लागला.

ट्रकवाला कागद घेऊन आला. त्याला उशीर होत होता. "मग ही निळ्या रेघेची नेऊ, की ठेवायची?"

देल्मिरोने खाली पाहिलं. शिडीच्या पायथ्याशी तीनशे अठरा खुराने माती उकरत वर बघत होती.

"ठेवायची," तो म्हणाला. "फक्त हे तिला कुणीतरी सांगा."