म्हात्रेकाकांच्या सहा माशांचं पाणी

म्हात्रेकाकांच्या घरी पाहुण्याला नळाचं पाणी मिळायचं. तीनदा गाळलेलं विहिरीचं पाणी माशांसाठी राखीव. एकदा मी चुकून त्या कळशीला हात लावला, तर काका केवढ्यांदा ओरडले, "ओ सेक्रेटरी, तो माशांचा हाय!"

मासे किती? सहा. बाहेरच्या खोलीत ते काचेच्या टाकीत फिरायचे आणि आत काकू बोंबील तळायच्या. ही गंमत मी काकांच्या नजरेला आणून दिली.

"खायचा म्हावरा वेगला, पालायचा वेगला. तुमा घाटावरल्यांना इतका पन कलत नाय?"

कोपरखैरण्यातली आमची नवी सोसायटी काकांच्याच भातशेतावर उभी होती. शेत सरकारी भूसंपादनात गेलं. कंपाउंडच्या मागे त्यांची विहीर तेवढी उरली. तिचं पाणी जरा मचूळ, त्यामुळे नळ आल्यावर तिकडे कुणी फिरकेना. फक्त काका रोज सकाळी बारा बादल्या शेंदून दोन मजले चढवायचे. सहा माशांना बारा बादल्या! आमच्या साताऱ्याकडे एवढ्यात गोठा भागतो.

गॅलरीत एकावर एक तीन पिंपं. वरच्यात खडी, मधल्यात वाळू, खालच्यात कोळसा. गाळलेल्या पाण्यात दिवसभर पंपाने हवा सोडायची. "पानी बसला पायजे," हे त्यांचं ब्रीदवाक्य. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण लागलं तरी हात वर करून म्हणायचे, "टेन्शन नको, बसू द्या जरा." उरलेलं पाणी गॅलरीतून ओघळायचं ते थेट खालच्या मजल्यावर, माझ्या वाळत घातलेल्या शर्टांवर.

शेवटी मी वाशीच्या मासेवाल्या दुकानदाराला गाठलं. तो म्हणाला, नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा, औषध उडून जातं, काम झालं. मी विजयी मुद्रेने ही बातमी वर पोचवली. काकांनी ऐकून घेतलं, बादली उचलली आणि विहिरीकडे चालू लागले. या माणसाच्या डोक्यात काही शिरणं शक्य नाही, असं मी बायकोला सांगून टाकलं.

पुढच्या मीटिंगमध्ये विहीर बुजवून तिथे गाड्या लावायचा ठराव मी मांडला. 'वापरात नसल्यास' असं कलमही घातलं. काका उभे राहिले. "वापरात हाय. माझे मासे पितात." सगळे पोट धरून हसले. सर्वांत जास्त मी. पण ठराव तेवढ्यावरच अडला.

मग काकांना हर्निया झाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे.

"दहा दिस इस्पितलात हाय. रोज बारा बादल्या शेंदाल का?"

"वर पिंपात आणून ओतायच्या ना?"

"नको. माशांचा तुमची काकू बघल. नलाचा पानी चालते त्यांना."

"मग बारा बादल्या कशाला?" मी विचारलं.

"तुमी शेंदा नि वतून द्या. झारांना घाला, गटारात सोरा. उपसली नाय तर विहीर नासते. वास सुटला का तुमी बुजवाल. माझ्या बापानं खनलेली हाय ती. शेत गेला तवा मी गप बसलो…"

मला माझी लाज वाटली. उद्यापासून मी शेंदतो, असं म्हटलं.

दोन दिवसांत माझे तळहात सोलवटले. तिसऱ्या दिवशी शहाळं घेऊन हॉस्पिटलात गेलो. काकांनी माशांचं नावही काढलं नाही.

"उपसल्यावर पानी किती खाली जाते?"

"चार बोटं."

"नि सकालला?"

"पुन्हा जागेवर येतं, काका."

"मंग जित्ती हाय," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.