चेनीत गेलेलं बोट

सत्यवानाच्या मोटारसायकलची चेन वाजायला लागली, ती आधी विमलाला ऐकू आली. (घरात काहीही बिघडलं की ते आधी विमलालाच ऐकू येतं. सत्यवानाला फक्त पखवाज ऐकू येतो.) तोंडवलीत समुद्र अंगणाच्या पलीकडेच. खारा वारा खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत सगळं कुरतडतो, तिथे चेनीची काय कथा! शिवाय सत्यवान रोज तीच गाडी दामटत मसुऱ्याला ऑफिसात जायचा.

"गॅरेजात दिया ती," विमला म्हणाली. "काल वळणार कशी खर्रखर्र करी होती. वाटेत तुटली म्हणजे?"

"चेनीक काय होता? साफ करून तेल घातला की झाला. मी करतंय."

"तुमी?"

बस्स. एवढा एकच शब्द. विमलाने तो काही वाईट हेतूने उच्चारला नव्हता, पण नवरा नावाच्या प्राण्याला असा एक शब्द पुरतो. त्या क्षणी सत्यवानाने ठरवलं की चेन आपणच साफ करायची, आणि तीसुद्धा अशी, की गॅरेजवाल्याने येऊन शिकून जावं.

सत्यवान दिवसा क्लार्क होता. ते पोटासाठी. खरं म्हणजे तो पखवाजी होता. भाई बुवांच्या भजनमंडळात गेली कित्येक वर्षं तो पखवाज वाजवत होता. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या, पोस्टरवर बुवांचा फोटो ताटाएवढा, पेटीवाल्याचा बशीएवढा, आणि सत्यवानाचा? त्याच्या वाट्याला 'साथसंगत' या शब्दातला काना-मात्रा आला तरी पुष्कळ. पण त्याची तक्रार नव्हती. त्याच्या उजव्या हाताची थाप पडली की मंडपातल्या म्हाताऱ्यांच्या माना आपोआप हलायच्या. तेवढ्यावर तो खूश असे. मसुऱ्याची मोठी बारी महिना-दीड महिन्यावर आली होती आणि रोज संध्याकाळी तालीम चालली होती.

रविवार उजाडला. सत्यवानाने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. गाडी मेन स्टँडवर लावली. रॉकेल, जुना टूथब्रश, जुनं बनियन आणि तेलाची बाटली अशी पूजेची मांडणी केली. खालच्या बाजूने चेन मधोमध बोटाने वर दाबून पाहिली. व्हिडिओतली इंचभर हलत होती, ही पाळण्यासारखी झुलत होती. त्याने मागचे नट सैल करून चेन ताणली, पुन्हा दाबून पाहिली, आणि मग एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने घासायला बसला. सांगायला हरकत नाही, काम झकास चाललं होतं. काळ्या चिखलातून एकेक कडी चमकत वर येत होती. कौतुक करायला विमलाने बाहेर यावं म्हणून तो मोठ्याने खोकलासुद्धा. ती चुलीपुढे बांगडे साफ करत होती. आली नाही.

आला तो शेजारचा दत्ताराम. दत्ताराम मासेमारी करायचा, बुवांच्या मागे कोरसमध्ये ओरडायचा आणि उरलेल्या वेळात सल्ले द्यायचा.

"हातान चाक फिरवतंस?" तो कुंपणावर रेलून म्हणाला. "मेल्या, अशान सांज होतली. इंजिन चालू कर, गियरात घाल. चाक आपसूक फिरात. तू नुसतो फडको धर."

व्हिडिओत नेमकं हेच करू नका म्हणून बजावलं होतं. पण ते सुरुवातीला होतं, आणि सत्यवानाने सुरुवात पुढे ढकलून व्हिडिओ पाहिला होता.

गाडी सुरू झाली. चाक गरगर फिरायला लागलं. सत्यवानाने बनियनची घडी करून खालून चेनीला लावली. काय सुरेख पुसली जात होती! "बघ!" दत्ताराम म्हणाला. सत्यवानाने बघितलं, दत्तारामाकडे. तेवढ्यात बनियनची एक बाही चेनीत अडकली, चेनीने ती मागच्या दातेरी चक्रात ओढली, आणि बाहीपाठोपाठ हात.

आवाज फार मोठा झाला नाही. काकडी मोडावी तसा झाला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली.

सत्यवानाने हात ओढून घेतला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर हातावर नव्हतं. दुखत नव्हतं अजून. आणि त्या भयाण क्षणी त्याच्या डोक्यात पहिला विचार कुठला यावा? विमलाला कळता कामा नये.

"काय झाला?" आतून आवाज आला.

"काय नाय!" त्याने हात पाठीमागे नेला.

"मगे गाडी कशी बंद पडली?"

"झाली साफ!"

विमला मासळीच्या हातांनीच बाहेर आली. नवरा पायरीजवळ ताठ उभा राहून हसत होता. दत्ताराम कुंपणाला धरून पांढरा पडला होता.

"हसतास कित्याक?" तिने विचारलं. मग तिची नजर खाली गेली. त्याच्या पाठीमागून पायरीवर रक्त ठिबकत होतं. "हात दाखवा. दाखवा म्हणतंय ना!"

त्याने दाखवला. विमला किंचाळली नाही. तिने दोरीवरचा टॉवेल ओढून त्याच्या हाताला करकचून गुंडाळला आणि एवढंच विचारलं, "उरलेला खंय आसा?"

मग शोध सुरू झाला. दत्ताराम गुडघ्यांवर रांगत अंगण धुंडाळायला लागला. "गावला!" तो ओरडला. विमला धावली.

"ता कोकम," ती म्हणाली. अंगणात कोकमं वाळत घातली होती. दत्तारामाने आणखी दोनदा कोकमच शोधून काढलं. शेवटी विमलाने चक्रातून बनियन उलगडत उलगडत ओढलं, तेव्हा त्याच्या चुण्यांत ते निघालं. काळं, तेलकट, नखासकट. ते पाहून सत्यवान पहिल्यांदा मटकन खाली बसला.

कापलेलं बोट बर्फात घालून नेलं तर जोडतात, असं विमलाने कुठेतरी ऐकलं होतं. तिने ते पाण्याखाली धरलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घालून ओट्यावर ठेवलं. पर्स घ्यायला आतल्या खोलीत गेली, येताना ओट्यावरची पिशवी उचलून पळत आली. दत्तारामाने बर्फाची पेटी आणली, मासळीचा टेम्पो काढला, आणि तिघं मालवणच्या रस्त्याला लागली.

वाटभर विमला पेटी मांडीवर घेऊन बसली होती. एक शब्द बोलत नव्हती. आता हात ठणकायला लागला होता, पण सत्यवानाला त्याहून ती गप्प बसलेली सोसवेना. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

"शिये तरी घाल," तो म्हणाला.

"शिये घालून काय करू?" ती समोर बघत म्हणाली. "पखवाज वाजवूचा होता ता बोट तुमचा."

सत्यवान खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर माड पळत होते. ते जरा वेळ धूसर दिसले.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. "पेर आणलंय ना? उत्तम केलंत," म्हणत त्याने पेटी उघडली, पिशवी सोडली, आणि तो बराच वेळ आत बघत राहिला.

"हे... नक्की यांचंच बोट आहे?"

"म्हणजे काय डॉक्टर?" विमला म्हणाली. "मी माझ्या हाताने ठेवलंय."

"नाही, म्हणजे," डॉक्टर चाचरत म्हणाला, "याला काटे आहेत."

पिशवीत बांगड्याचे तुकडे होते. साफ केलेले, मीठ लावलेले. ओट्यावर सारख्याच दोन पिशव्या होत्या. घाईत विमलाने बांगडे उचलले होते.

तिने घरी राहिलेल्या यशोदाला फोन लावला. यशोदा म्हणजे दत्तारामाची बायको, घर बघायला थांबलेली. फोन स्पीकरवर होता.

"घराची काळजी करू नको गो," यशोदा म्हणाली. "पायरी धुवलंय. तुमी उपाशी येतलास म्हणान भात ठेवलंय. बांगडे तेवढे गावनत नाय. खंय ठेवलंस?"

"बांगडे आमच्याकडेच आसत. यशोदा, ओट्यार एक पिशवी आसा..."

"ती व्हय? फडक्यात काळोसो तुकडो होतो ती? माका वाटला, नासलेली मासळी. घातलंय मांजराक."

डॉक्टरने बांगड्यांच्या पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं.

"हॅलो?" यशोदा म्हणाली. "खाल्ल्यान पण बिचाऱ्यान!"

विमला बाकावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. डॉक्टर घसा खाकरून म्हणाला की हाड चिरडलं होतं, आणलं असतं तरी जोडता आलं नसतं. (खरंच, की बाईंची दया येऊन? सत्यवानाने ते कधी विचारलं नाही.) मग त्याने टाके घातले.

परतताना विमला म्हणाली, "माझ्यान झाला." सत्यवान म्हणाला, "तुझ्यान नाय, माझ्यान." दत्ताराम गियर बदलत म्हणाला, "माझ्यानच झाला." तिघांनी मिळून एकच गोष्ट ठरवली. चेनीचं लोकांना कळणारच, ते टळत नाही. पण मांजराचं मात्र या टेम्पोबाहेर जाता कामा नये. यशोदालाही तसं बजावायचं.

त्यानंतर सत्यवानाच्या घरात अभूतपूर्व शांतता नांदायला लागली. गॅरेजात दिली असती तर, असं विमलाला म्हणता येईना. पिशवी बघून उचलली असती तर, असं सत्यवानाला म्हणता येईना. दोघं एकमेकांना भात वाढत आणि गप्प जेवत. विमला हसायचीच बंद झाली. घरच्या मांजराला तेवढा सत्यवानाचा भलताच लळा लागला होता. पायाशी येऊन बसे आणि त्याच्या हाताकडे टक लावून बघे.

जखम भरली, तसे भाई बुवा आले. सत्यवानाने पखवाज मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि थाप मारली. डावा हात घुमला. उजवा बोलला नाही. बोथट, बहिरा आवाज आला, ओल्या मडक्यावर मारल्यासारखा. त्याने पुन्हा मारली. पुन्हा मारली. बुवा जमिनीकडे बघत ऐकत होते. एरवी एक थाप चुकली तरी थांबवणाऱ्या बुवांनी त्याला तिसऱ्यांदाही थांबवलं नाही, तेव्हाच त्याला कळलं.

"आरोंद्यासून शिवाक बोलवलंय," बुवा हळूच म्हणाले. "ह्या बारीपुरतो. तू झांज घे, सत्या. मंडळ सोडू नको."

सत्यवानाने पखवाज गवसणीत घालून माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी बघतो तर तो पुसून खाली, होता त्याच कोपऱ्यात उभा. विमलाने धुतलेलं फडकं दोरीवर वाळत होतं.

बारीच्या संध्याकाळी मसुऱ्यात मंडप फुलून गेला होता. शिवा पखवाजावर, सत्यवान मागच्या रांगेत झांज घेऊन, दत्तारामाशेजारी. बायकांत विमला. समोरचा बुवा सावंतवाडीकडचा, जिभेला धार असलेला. डबलबारीत समोरच्याला टोमणा मारल्याशिवाय रंग भरत नाही. त्याने भाई बुवांच्या मंडळावर नजर फिरवली, मागच्या रांगेवर थांबवली, आणि सूर लावला:

*चेन पुसूक बसलो बाबा, बोट घालवून इलो*
*भजनातलो पखवाजी ह्यो, झांजवालो झालो!*

मंडप खदखदला. सत्यवानाचे कान तापले. इतकी वर्षं वाजवलं तेव्हा त्याचं कुणी नावसुद्धा घेतलं नाही, आणि आता मायकावरून हे! भाई बुवांचा चेहरा लाल झाला. आपल्या माणसाचा अपमान. उत्तर द्यायलाच हवं, आणि आत्ताच्या आत्ता. बुवांनी मान वळवून सत्यवानाकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी माया होती की सत्यवानाला भरून आलं. बुवांनी पेटीवर सूर दाबला:

*तुमच्या गावची मांजरां बुवा, काट्यांवर जगती*
*आमच्या गावची मांजरां बघा, पखवाजी चाखती!*

मंडप क्षणभर गप्प झाला. अर्थ लागायला तेवढा वेळ हवाच. मग मागून कुणीतरी "म्हणजे मांजरान खाल्ल्यान?" असं ओरडलं आणि मंडपाचे खांब हलले. म्हातारे मांड्या थोपटायला लागले. समोरचा बुवा स्वतःच पेटीवर कोसळून हसत होता. सत्यवानाने सावकाश दत्तारामाकडे मान वळवली. दत्ताराम मंडपाच्या छताचं कापड निरखत होता.

सत्यवानाने बायकांकडे पाहिलं. विमलाने पदरात तोंड लपवलं होतं, खांदे गदगदत होते. रडते आहे बिचारी. एवढ्या लोकांत. तो उठणार, तेवढ्यात पदर घसरला. विमला हसत होती. डोळ्यांतून पाणी काढत, शेजारणीच्या अंगावर रेलून, आणि बोटाने त्याच्याकडे दाखवून, तो तो, तोच, असं शेजारणीला सांगत होती.

"वन्स मोर!" मंडप गरजला.

भाई बुवा मागे वळले. चेहऱ्यावर विजय झळकत होता. "सत्या, मेल्या, झांज कित्याक थांबवलंस? बारी आपली झाली! जरा लय वाढव!"

सत्यवानाने झांज उचलली आणि लय वाढवली.