आठवी पिशवी

"इंजिन धुतल्याशिवाय गाडी दाखवणार नाही म्हणजे नाही!" असं म्हणून हेडक्लार्कांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पाच वाजता एक निवृत्त बसचालक त्यांची जुनी डिझेल जीप बघायला येणार होता. त्याला पसंत पडली नाही तर सोमवारी भंगारवाला, असं बायकोने निक्षून सांगितलं होतं. एकवीस वर्षं जपलेली गाडी कोणी हातोड्याने फोडणार, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

मदतीला मेहुणा आला होता. त्याने एकदा भिंतीत खिळा ठोकला होता, तो थेट पाण्याच्या पाइपात. तेव्हापासून हेडक्लार्कांनी त्याची धास्तीच घेतली होती.

"तू फक्त नळ सोडायचा. गाडीला हात नाही आणि तोंडातून शब्द नाही!"

"बरं, भाऊजी."

इंजिन थंड होईपर्यंत हेडक्लार्क तासभर थांबले. बॅटरीच्या तारा काढल्या. पाणी जिथे जाता कामा नये तिथे प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि प्रत्येकीची वहीत नोंद केली. एकूण सात. मग साबण आणायला ते घरात गेले, दोन मिनिटंच. परत येऊन त्यांनी बारीक धारेने असं काही इंजिन धुतलं की वर्षानुवर्षांची काजळी अंगणभर पसरली. पुसून, वाळवून, वहीत खुणा करत सातही पिशव्या सोडल्या आणि तारा जोडल्या.

पाचाच्या ठोक्याला बसचालक हजर! "वा! यात तर तोंड दिसतंय. लावा चावी."

इंजिन खोकलं, थरथरलं आणि बंद पडलं. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"भाऊजी, ती..."

"गप्प!"

"पाणी गेलं असेल," बसचालक म्हणाला.

"अशक्य! सात बांधल्या, सात सोडल्या. ही बघा वही!"

"अहो, वहीवर गाडी चालते का?" बायको दारातून कडाडली.

"भाऊजी, मी काय म्हणतो..."

"तू काही म्हणू नकोस!"

बसचालकाने बाह्या सारल्या, इंजिनामागे हात घातला आणि हवा आत खेचणाऱ्या नळीच्या तोंडावरून एक चोळामोळा झालेली गुलाबी पिशवी ओढून काढली. "ही आठवी कुणाची?"

"माझी," मेहुणा पुटपुटला. "तुम्ही साबणाला गेलात ना, तेव्हा ही नळी उघडीच दिसली. सांगणार होतो, पण बोलायची बंदी होती."

"बघितलंत? याचा हात लागला की..."

"थांबा, साहेब. इथून पाणी आत गेलं असतं तर या डिझेल इंजिनाचा निकाल लागला असता. मग जीप भंगारातच. यांनी वाचवली तुमची गाडी."

हेडक्लार्क वही बाजूला ठेवून जीपमध्ये बसले. त्यांनी चावी फिरवली आणि जीप पहिल्याच झटक्यात घुमू लागली.

"घेतो," बसचालक म्हणाला. "इतक्या निगराणीतली गाडी परत मिळायची नाही."

जीप कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत हेडक्लार्क तिथेच उभे होते. बायकोने वही पुढे केली. "लिहा आता. माझ्या भावाचंही लिहा."

त्यांनी 'सात' खोडलं आणि दात-ओठ खात लिहिलं, 'आठवी पिशवी मेहुण्याने बांधली. इंजिन वाचले.' वही मिटली. मग राहवेना, म्हणून पुन्हा उघडून खाली लिहिलं, 'परवानगी न घेता.'