अर्ध्या जॉयस्टिकचे अण्णा

आमचे शेजारी अण्णा दर रविवारी दुपारी ड्रॅगनवर बसतात आणि एकही गोळी झाडत नाहीत.

म्हणजे टीव्हीवर. वय पंचेचाळीस, जळगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान, लग्न केलेलं नाही. शाळेत असताना अमळनेरच्या व्हिडिओ पार्लरमध्ये खेळलेला हा गेम कंपनीने पुन्हा काढल्याचं कळताच त्यांनी तो घेतला. जुन्या देवळाला ऑइलपेंट मारावा तसे त्याला रंग चढवलेत. त्यात ड्रॅगन आपल्याला पाठीवर घेऊन ठरलेल्या वाटेने उडतो. वाट बदलता येत नाही. आपण डावी-उजवीकडे सरकून वाचायचं आणि बटण दाबून शत्रूंना पाडायचं.

अण्णा नुसतेच सरकतात. डावा अंगठा सपासप चालतो, उजवा हात मांडीवर पडलेला. तिसऱ्या वळणावर ड्रॅगन कोसळतो. मग अण्णा चहा पितात आणि परत बसतात.

"अण्णा, दुसरा हात मोडलाय का?" मी एकदा न राहवून विचारलं.

"मी हाकनारा शे, भाऊ," ते म्हणाले. "दाबनारा येगळा ऱ्हास."

अमळनेरच्या पार्लरमध्ये गर्दी इतकी, की मालक एका डावाला दोन पोरं बसवायचा. जॉयस्टिक एकच. डावी बाजू एकाची, तो हाकणारा. उजवी दुसऱ्याची, तो दाबणारा. ड्रॅगन हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, सगळे त्याला 'पाखरू' म्हणत. अण्णा हाकायचे आणि त्यांचा मावसभाऊ भास्कर दाबायचा. पाच वर्षं. त्यामुळे अण्णांना हा गेम अर्धाच येतो, आणि उरलेला अर्धा शिकायला ते तयार नाहीत.

दुनियेचेही त्यांनी असेच दोन भाग पाडलेत. माझ्या बायकोला त्यांनी हाकणारी ठरवलं, मला दाबणारा. यात माझा अपमान आहे हे मला आठवड्याने कळलं. तोवर माझी नेमणूक झाली होती.

"दाब ना! काय देखी ऱ्हायना?" रविवार असा सुरू व्हायचा. माझं बटण कायम उशिरा. पाखरू पडलं की अण्णा सुस्कारा सोडत, "भास्कर ऱ्हाता तर..."

दर रविवारी हे ऐकून माझं डोकं फिरायचं. भास्कर काही परलोकात नव्हता, धुळ्यात होता. एसटीने दोन-अडीच तास. पण सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद. कारण टॉवेल-टोपी.

पाचोऱ्यात अण्णांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. पाहुण्यांना टॉवेल-टोपी देताना माईकवर एकेकाचं नाव पुकारतात. यादी अण्णांनी स्वतः लिहिली. लांबलांबचे पाहुणे आठवून आठवून लिहिले आणि भास्कर राहिला. घरच्या माणसाचं नाव यादीत लिहावं लागतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. तिकडे भास्कर केस सारखे करत उठून उभा राहिला होता. माईकने शेवटचं नाव घेतलं आणि मंगलाष्टकं सुरू झाली. भास्कर जेवला नाही. अण्णांशी नंतर बोललाही नाही.

माझी सासरवाडी धुळ्याची. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा भास्करचं स्टेशनरीचं दुकान शोधून काढलं. दोन भावांना जुळवावं असला उदात्त विचार नव्हता. मला माझ्या अंगठ्याची सुटका हवी होती.

अण्णांचा शेजारी म्हटल्यावर तो माणूस झेरॉक्स काढता काढता थांबला.

"गया का तो?" त्याने विचारलं.

"नाही हो. गेम खेळतात. अर्धा."

त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा हिशोब बाजूला सारला. मागे तोच गेम. टेबलाखालची जॉयस्टिक काढून त्याने उजव्या अंगठ्याने असा काही मारा केला की मी बघत राहिलो, आणि पाखरू सरळ जाऊन पहिल्या खांबावर आदळलं.

"अहो, सरकायचं ना!"

"ते अन्नानं काम शे."

"मग एक फोन करा."

"नाव माईकवर लेवानं व्हतं," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

परतीच्या बसमध्ये मला दोघांचा मनस्वी राग आला. दोन पोक्त पुरुष अर्ध्या हाताने मरतात आणि त्यातही त्यांना अभिमान वाटतो. घरी आल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"कोठे मरस तो?"

"पहिल्याच खांबावर."

"मरीच ना. हाकनारा नई त्याले."

मग त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. टॉवेल, टोपी, आणि टोपीला टाचलेली चिठ्ठी: भास्करभाऊ, धुळे. टोपीच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. लग्नानंतर चौथ्या दिवशी आणलं होतं म्हणे.

"अण्णा, सहा वर्षं? उद्या नेऊन द्या ना. मी येतो बरोबर."

"मान घरी देतस का, भाऊ? मान माईकवर देतस."

माईक लागणार कुठे? बहीण एकच होती, ती दिली. स्वतःचं त्यांनी केलं नाही. आता त्या घरात लग्न निघणारच नाही, हे मला कळलं आणि त्यांना तर केव्हाच कळलं असणार. त्यांनी चिठ्ठी बोटाने सरळ केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"तुन्ही पोर कितवीमा शे?"

"सातवीत."

अण्णांनी बोटांवर हिशेब केला.

"तिन्हा लगनमा माईक मन्हा हातमा दे," ते म्हणाले आणि पिशवी परत कपाटात ठेवली. "तवलगून थांबसू."