बाल्तासार नंबर लावतो

रांगेचं शास्त्र आपल्याइतकं अख्ख्या कासेरेस गावात कुणाला कळत नाही, असं बाल्तासारचं ठाम मत होतं. त्यामुळे नवा फोन येणार, पण तो औषधापुरताच येणार, अशी आवई उठली आणि बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा हा गडी निवांत दाढी करत होता. ज्यांना धक्काबुक्की करायची त्यांनी करावी, आपण नंबर लावून फोन आणणार, असं त्यानं आरशातल्या स्वतःला सांगूनही टाकलं.

फोन त्याला स्वतःसाठी नको होता. त्याचा जुना फोन वाजायचा आणि त्यावरून मेव्हण्याशी भांडता यायचं, एवढं त्याला पुरे होतं. फोन हवा होता तो कासिल्दासाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी. गेल्या हिवाळ्यात बाल्तासारच्या कमरेनं संप पुकारला. कुलपं-किल्ल्यांचं दुकान बंद आणि मालक पलंगावर आडवा. कासिल्दानं त्याला उठवलं, बसवलं, पायांत मोजे चढवले, त्याची कुरकुर ऐकून घेतली आणि शेवटी त्याचा जीव रमावा म्हणून पलंग ओढून खिडकीशी नेला. समोर चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्यांचं घरटं होतं. थंडीभर दोघं त्या पक्ष्यांचा संसार बघत बसली.

आता त्या घरट्यात पिल्लं आली होती. कासिल्दा रोज त्यांचे फोटो काढायची आणि फोटोत रोज मनोऱ्यावर माशा बसल्यासारख्या दिसायच्या. नव्या फोनचा कॅमेरा म्हणे लांबचं हाताशी आणून ठेवतो. त्याची जाहिरात बघताना ती सहज म्हणाली, "हा असता तर पिल्लांचे डोळे दिसले असते." इतक्या वर्षांच्या संसारात तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं बाल्तासारला आठवत नव्हतं.

हिवाळ्यापासून त्याला तिचे आभार मानायचे होते. पण घरच्या माणसाचे आभार मानायचे कसे? दोनदा तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि मीठ कुठे आहे ते विचारून परत आला. फोन हातात ठेवला की न बोलताच काम भागेल, असा त्याचा बेत. आणि घाई अशी की महिनाभरात पिल्लं उडून जाणार होती.

इकडे गाव पिसाळलं होतं. टंचाई होणार म्हटल्यावर ज्यांना फोन नको होता त्यांनाही तो हवासा वाटू लागला, आणि ज्यांना एक हवा होता त्यांना दोन. एका बाईंनी म्हणे तिन्ही जावयांना कामाला जुंपलं होतं. बाल्तासारचा मेव्हणा क्रिस्पुलो तर आतल्या गोटातली बातमी घेऊन आला. दुकानात नावाला चार खोकी ठेवणार, खरा माल गाडीतून येणार, गाडी चौकात उभी राहणार! क्रिस्पुलोची बातमी आजवर एकदाही खरी ठरली नव्हती. पण टंचाईच्या दिवसांत माणूस मेव्हण्यावरही विश्वास ठेवतो.

शनिवारी सकाळी बाल्तासार चौकात पोचला, तर टोकाला खरंच एक मोठी लाल-पांढरी गाडी उभी. तिच्यावर जे काय लिहिलं होतं ते चर्चच्या बाजूला होतं, आणि त्या बाजूला ऊन होतं. कशाला जायचं उन्हात?

कासेरेसमध्ये शहाणी माणसं रांगेत उभी राहत नाहीत. यायचं, "शेवटचं कोण?" असं मोठ्यानं विचारायचं, जो हात वर करेल त्याचा चेहरा ध्यानात ठेवायचा आणि सावलीत जाऊन कॉफी प्यायची. रांग डोक्यात असते, पायांना त्रास नसतो. बाल्तासारनं विचारलं. कोपऱ्यातल्या बाकावरून एका बाईंनी हात वर केला. त्या लेओकादियाबाई, बाजारपेठेतल्या लोकरीच्या दुकानाच्या मालकीणबाई. रांग कशाची, हे काही बाल्तासारनं विचारलं नाही. त्या दिवशी कासेरेसमध्ये दुसरी कसली रांग असणार? तो कॅफेच्या छत्रीखाली बसला आणि तेल-टोमॅटो लावलेला पाव मागवला.

थोड्या वेळानं एक तरुण घामाघूम होत आला. "शेवटचं कोण? फोनसाठी?"

बाल्तासारनं राजासारखा हात वर केला. "मी. फोनसाठी. बसा निवांत."

मग त्या तरुणाला कुणी विचारलं, त्या कुणाला आणखी कुणी. दुपार व्हायच्या आत सगळा चौक भरला. बाकांवर माणसं, कारंज्याच्या कठड्यावर माणसं, कॅफेत तर खुर्ची मिळेना. चौकातल्याच फोनच्या दुकानाच्या दाराशी मात्र चिटपाखरू नव्हतं. ते बघून बाल्तासारला अभिमान वाटला. काय शिस्तीचं गाव आहे आपलं!

लेओकादियाबाई उठून गाडीत गेल्या. त्यांच्या पाठोपाठ बाल्तासारचा नंबर लागला.

आत पांढरा कोट घातलेली एक नर्स होती, न्येवेस नावाची. तिनं त्याचं ओळखपत्र बघितलं, वय विचारलं, वजन विचारलं, सकाळी काही खाल्लंय का तेही विचारलं. टंचाई आहे, गिऱ्हाईक पारखून घेतात, असं मनाशी म्हणत बाल्तासारनं पावापासून कॉफीपर्यंत सगळं सांगितलं. रक्तदाब मोजला, तेव्हा त्यानं ओळखलं की हा फोन नाडीसुद्धा बघत असणार. बोटाला टोचलं, तेव्हा मात्र तो जरा दचकला. पण हल्ली फोन बोटाच्या ठशावर उघडतात, एवढं त्याला ठाऊक होतं. नव्या फोनला ठसा जास्त खोलवरचा लागत असेल.

"पहिल्यांदाच आलात ना? कुणासाठी आलात?" न्येवेसनं सहज विचारलं.

"बायकोसाठी," बाल्तासार म्हणाला. आणि का कोण जाणे, स्वयंपाकघराच्या दाराशी जे तोंडातून फुटत नव्हतं ते इथे परक्या बाईसमोर भडाभडा बाहेर पडलं. "तिला फार गरज आहे हो. तिनं कधी काही मागितलं नाही. आता आज नाही मिळालं तर महिना जाईल म्हणतात, आणि महिन्यानंतर मिळून काय उपयोग? तोवर सगळं संपलेलं असणार."

न्येवेसचे डोळे भरून आले. तिनं त्याचा हात हातात घेतला. पलीकडच्या खुर्चीत पडलेल्या लेओकादियाबाईंनी क्रूसाची खूण केली आणि मोकळ्या हातानं फोन काढून बहिणीला लावला. ती बहीण बाल्तासारच्या खालच्या मजल्यावर राहत होती.

"आडवे व्हा," न्येवेस म्हणाली.

बाल्तासार आडवा झाला आणि मग त्यानं सुई बघितली. ती सुई बघितल्यावर त्याला सगळं एकदम कळलं. बाईंच्या दंडाला लावलेली नळी दिसली, भिंतीवरचा लाल थेंब दिसला, आणि क्रिस्पुलोचा चेहराही डोळ्यांसमोर आला. सुई म्हटलं की हा माणूस दातांच्या डॉक्टरच्या जिन्यावरूनच परत फिरायचा. उठून पळावं म्हणून त्यानं कोपर टेकलं, तर न्येवेस दारात उभी राहून बाहेरच्या गर्दीला सांगत होती, "या गृहस्थांची बायको अत्यवस्थ आहे. तिच्यासाठी आलेत. जरा दमानं घ्या."

आता पळणार कसा? त्यानं डोळे मिटले, मनोऱ्यावरचं घरटं आठवलं आणि हात पुढे केला.

बाहेर त्याच्यामागे अख्खा चौक फोनसाठी बसला होता. न्येवेसच्या बोलण्यावरून गाडी रक्तपेढीची आहे हे सगळ्यांना कळलं. काहींनी चुळबुळ केली. पण मरणाच्या दारातल्या बाईसाठी आलेल्या नवऱ्याच्या पाठीमागून उठून जायला कुणाचा पाय उचलेना. शिवाय उठलं तर नंबर जातो, आणि कासेरेसमध्ये माणूस सगळं सोडेल, नंबर सोडणार नाही. एकामागून एक सगळ्यांनी बाह्या वर केल्या.

बाल्तासार दंडाला चिकटपट्टी आणि हातात हॅमचा पाव घेऊन बाहेर आला, तेव्हा फोनच्या दुकानदारानं जेवणाच्या सुट्टीसाठी शटर अर्धं ओढलं होतं. दोघं-तिघं धावत गेले. दुकानदारानं खांदे उडवले. सकाळपासून दारात कुत्रं फिरकलं नव्हतं. खोकी छतापर्यंत रचलेली होती. वरच्या ऑफिसनं बघितलं, कासेरेसमध्ये एकही विक्री नाही आणि शेजारच्या बादाखोसमध्ये लोक एकमेकांच्या उरावर बसलेत. त्यांनी टेम्पो पाठवून सगळा माल तिकडे नेला. टेम्पो आत्ताच गेला म्हणे.

आता हे लोक आपल्याला कारंज्यात बुडवणार, अशी बाल्तासारची खात्री झाली. पण झालं भलतंच. तो घामाघूम तरुण जवळ आला आणि त्यानं त्याला मिठी मारली. एका जावयानं स्वतःचा ज्यूस दिला. फोन काय, पुन्हा येईल, तुम्ही घरी जा, बायकोजवळ बसा, असं जो तो सांगू लागला. बाल्तासारला इतकं भरून आलं की खरं सांगायचं राहूनच गेलं.

त्यानं घराच्या जिन्यात पाऊल टाकलं. जिनाभर शेजारी उभे होते. कुणी कोंबडीच्या रश्शाचं पातेलं आणलं होतं, कुणी तळलेल्या क्रोकेटांचं ताट झाकून आणलं होतं. धर्मगुरूही येऊन बसले होते आणि त्यांच्या हातात आधीच एक क्रोकेटा होता. दारात कमरेवर हात ठेवून, लालबुंद आणि ठणठणीत, कासिल्दा उभी होती.

"ये," ती म्हणाली. "तुझीच वाट बघत होते. मला काय झालंय ते या सगळ्यांना माहीत आहे. मलाच कुणी सांगत नाहीये."

बाल्तासारनं जिन्याकडे बघितलं. खाली चौकातलेही काही लोक मागोमाग आले होते. पळायला वाट नव्हती आणि त्याच्याजवळ फोनही नव्हता. राहिली होती फक्त जीभ.

"हिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "झालं होतं ते मला. हिवाळाभर मी पडून होतो आणि हिनं मला उभं केलं. त्याबद्दल मी हिला चकार शब्द बोललो नाही. म्हणून फोन आणायला गेलो होतो. पिल्लांचे डोळे दिसावेत म्हणून. चुकून रक्त देऊन आलो. तुम्हा सगळ्यांचे उपकार मी विसरणार नाही." मग तो कासिल्दाकडे वळला. त्याचा आवाज बारीक झाला. "आणि तुझेही आभार. तू होतीस म्हणून मी आहे."

धर्मगुरूंनी चघळणं थांबवलं. कासिल्दानं नवऱ्याच्या दंडावरची चिकटपट्टी बघितली, तिच्यावरून अंगठा फिरवला. तिचे डोळे पाणावले होते, पण ती कासिल्दा होती.

"अरे माझ्या राजा," ती म्हणाली, "एवढंच घरी, स्वयंपाकघरात म्हणाला असतास, तर अख्ख्या गावाचं रक्त वाचलं असतं."