बाबी परबची सुट्टी

आमच्या लालबागच्या चाळीत एक माणूस आहे, जो उघड्या दारातून आत येत नाही. दार सताड उघडं, आत मी बनियनवर पेपर वाचत पसरलेला, आणि हा पठ्ठ्या उंबऱ्याबाहेर हात मागे बांधून उभा. "अरे ये ना बाबी," म्हटलं तरी हलायचा नाही. आधी विचारणार, "शिरू?" आपण म्हणायचं, "शीर." मग आत.

बाहेर पडतानाही तेच. "निघू?" विचारणार आणि उत्तराची वाट बघणार. एकदा मी त्याला "बस जरा" म्हणून दूध आणायला खाली उतरलो. नाक्यावर दोघे-तिघे भेटले, गप्पा रंगल्या, तासाभराने वर आलो तर गडी त्याच खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. "अरे, जायचं ना घरी!" तर म्हणतो, "तुम्ही 'जा' कुठे म्हणालात, अण्णा?"

बाबी म्हणजे समोरच्या खोलीतल्या परबकाकींचा एकुलता एक मुलगा. वय चाळिशीच्या आसपास, मुक्काम नाशिकचं जेल. सव्विसाव्या वर्षी नाक्यावरच्या एका मारामारीत त्याच्या हातून माणूस मेला. जन्मठेप झाली. आता वर्षातून एकदा तीन-चार आठवडे फर्लोवर घरी येतो. तो स्वतः फर्लो म्हणत नाही, सुट्टी म्हणतो. "सुट्टीवर आलोय," असं इतक्या सहज सांगतो, की नव्या भाडेकरूंना वाटतं हा नाशिकला एखाद्या कारखान्यात फोरमन असावा.

जेलच्या सुतारखान्यात शिकून त्याचा हात असा बसलाय, की आमच्या चाळीत मोडलेली वस्तू कुणी बाहेर दुरुस्तीला देतच नाही. कपाटाचं दार लागत नाही? राहू दे, बाबी आला की बघेल. पाटाचा पाय निघाला? ठेव माळ्यावर, बाबीची सुट्टी जवळ आली. आल्या दिवशी पोलीस स्टेशनात हजेरी लावून तो परत येतो, तेव्हा गॅलरीत खुर्च्या-स्टुलांची रांग लागलेली असते.

त्याचा दुसरा छंद म्हणजे नियम. माझ्या बायकोने चहाचा दुसरा कप पुढे केला की दचकून विचारणार, "नियमात बसतं का, वहिनी?" गणपतीतला तिसरा मोदक नियमात बसतो का, गॅलरीत उन्हात बसणं नियमात बसतं का! माझ्या मुलीने, केतकीने, एकदा गमतीत विचारलं, "बाबीदादा, फर्लो आणि पॅरोल यांत फरक काय रे?" झालं! रंधा बाजूला ठेवून बाबीने तासच घेतला. "पॅरोलला कारण लागतं. कुणी आजारी, कुणी गेलं, कुणाचं लग्न. फर्लोला कारण लागत नाही, केतकी. वागणूक लागते." हे 'वागणूक' तो असं म्हणाला, जणू मेडलच मिळालंय.

परबकाकींचं एक डुगडुगतं स्टूल होतं. दारात त्यावर बसूनच त्या तांदूळ निवडायच्या. मी एकदा हातोडी घेऊन गेलो, तर माझ्यावरच डाफरल्या, "तेका हात लावू नको हां! बाबी येतलो ना." वर्षभर डुगडुगायच्या, पण खिळा मारू द्यायच्या नाहीत.

आता पुढचं सांगायची लाज वाटते. पण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी बाबीच्या सुट्टीचा अर्ज चौकशीला आला. कैद्याला सोडण्याआधी पोलीस शेजारीपाजारी विचारतात, कुणाची हरकत नाही ना. मी चाळ कमिटीचा सेक्रेटरी, म्हणून हवालदार थेट माझ्याकडे आला. आणि नेमकी त्याच महिन्यात केतकीला बघायला दादरची मंडळी यायची होती. हिंदमाताला जाऊन साडी आणली होती, पोह्यांना नारळ फोडायचा कुणी इथपर्यंत ठरलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर आलं ते एकच: पाहुणे जिना चढतायत आणि गॅलरीत बाबी हात मागे बांधून विचारतोय, "शिरू?"

मी म्हटलं, "हरकत अशी नाही हो... पण चाळीत मुलीबाळी आहेत. या खेपेला नको."

"हरकत लिहू की नको लिहू, काका? एक काय ते सांगा."

"लिहा," मी म्हटलं. आणि खाली सही ठोकली.

अर्ज नामंजूर झाला. दादरकर आलेच नाहीत, पत्रिका जुळत नाही म्हणून फोनवरच कळवून मोकळे झाले.

पंधरा दिवसांनी परबकाकी बाबीचं पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे सगळी पत्रं मीच वाचून दाखवतो. मी घसा खाकरला आणि वाचलं, 'आई, सुतारखान्यात काम फार आलंय. साहेब सोडत नाहीत. पुढच्या वर्षी नक्की येतो. स्टूल सांभाळून वापर.' खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो, याला काही कळलेलं नाही.

त्या वर्षात काकींचे डोळे गेले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला, आता काही होणार नाही.

पुढच्या चौकशीला दुसरा हवालदार आला. त्याने विचारायच्या आतच मी 'हरकत नाही' म्हणून मोकळा झालो. बाबी आला. मी त्यांच्या दारातच होतो. काकींनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कानापाशी केस हाताला लागले तिथे थांबल्या. "पिकले काय रे?" त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "गेल्या वर्षी येवक व्हया होतंस. तेवा माका दिसत होता." तिथे मला उभं राहवेना. मी घरात येऊन नळ सोडून तोंड धूत बसलो.

सुट्टी संपली त्या सकाळी बाबी पिशवी घेऊन निरोपाला आला. "शिरू?"

"शीर," म्हटलं, आणि तो बसायच्या आत बोलून टाकलं, "बाबी, गेल्या वर्षी तुझ्या अर्जाला हरकत..."

"ठाऊक आहे, अण्णा. नकाराच्या कागदावर कारण असतं. चाळ कमिटीच्या सेक्रेटरींची हरकत. शेजाऱ्यांना विचारायचं, हे नियमात बसतं." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मग ते पत्र? काम फार आलंय म्हणून?"

बाबी फरशीकडे बघत होता. "आईला पत्र वाचून दाखवणार कोण? तुम्हीच ना. खरं लिहिलं असतं तर ते तुम्हाला तिच्यासमोर मोठ्याने वाचावं लागलं असतं." मग पिशवी उचलत म्हणाला, "आणि दुपारचं ताट वहिनीच देतात तिला. तिला काही सांगू नका, कळलं तर ते ताट घ्यायची नाही."

मला अंगावरचा शर्टसुद्धा नकोसा झाला. समोरच्या दारात परबकाकी त्यांच्या स्टुलावर बसल्या होत्या. स्टूल आता जराही हलत नव्हतं. बाबी उंबऱ्यापाशी गेला, वळला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"निघू?"

नाशिकची गाडी चुकवून चालणार नव्हतं, संध्याकाळच्या आत त्याला जेलच्या दारात हजर व्हायचं होतं. एक शब्द म्हणायचा होता मला, आणि तो काही केल्या तोंडातून फुटेना. बाबी तसाच उभा होता, माझ्या 'जा'ची वाट बघत.